मागचं काढून टाका

रात्री साडेअकराला तिकडची ऑफिसं उघडतात.
इकडे पिंपळखुट्यात
पाण्याच्या टाकीखालचा कुत्रासुद्धा निजलेला असतो.
मी ओसरीच्या डाव्या खांबाला टेकून बसते,
तिथंच तेवढ्या दोन कांड्या येतात टॉवरच्या.

काम साधं : फोटोतल्या वस्तूच्या मागचं काढून टाकायचं.
बूट ठेवायचा, गालिचा काढायचा.
टोपी ठेवायची, टोपीखालचा माणूस काढायचा.
शंभर फोटो, चार डॉलर.
कड अशी कापायची की लोकरीचा एक धागा तुटू नये.

पण आधी हर्रास.
कोणी चार म्हणतं, कोणी साडेतीन,
बोली खाली खाली उतरत जाते,
शुक्रवारच्या बाजारात दिवेलागणीला
आईची सांभाराची जुडी उतरते तशी.
फरक एवढाच, की तिथं आई
शेजारच्या कांताबाईला डोळ्यांनी सांगू शकते,
पाचाच्या खाली नोको जाऊ वो.

माझ्या शेजारी कोण बसतं, मला दिसत नाही.
एक नाव मात्र पाठ झालंय.
रेहाना. बोगुरा, बांगलादेश.
पाच तारे, सातशे कामं,
आणि माझ्यापेक्षा नेहमी पंचवीस सेंट कमी.

परवा लाइन गेली. हाती काम नव्हतं.
मोबाइलवर तिचा फोटो मोठा करत गेले.
मागे पांढरंशुभ्र. सफाईनं कापलेलं.
फक्त कानातल्याच्या कडीत, जिथं ब्रश पोचत नाही,
मुगाएवढा निळा तुकडा राहिला होता :
पन्हाळी पत्रा.
आमच्या गोठ्यावर आहे तसाच,
गंजाच्या डागासकट.

अंधारात कोनाले पाहून हासून रायली वो, आई म्हणाली.
बाजारातली आहे एक, मी म्हटलं.

पहाटे लाइन आली.
नवं काम लागलं होतं : दोनशे झुमके,
कडीच्या आतलंही काढायचं.
तिनं अडीच लिहिले होते.
मी सव्वादोन लिहिले.
मिळालं.
त्यातून साइटनं अडत कापली.
अडत्या कुठला, त्याचं तोंड कसं, कोणाला माहीत.

दुपारपर्यंत कड्यांच्या आतलं खरवडत बसले.
मग माझाच फोटो उघडला. मोठा केला.
पांढऱ्यावर मी.
वेणीच्या शेवटाला, फितीच्या गाठीत,
वाळत घातलेल्या मिरच्यांचा एक लाल ठिपका.
दीड वर्ष तिथंच.
माझ्या नजरेतून सुटलेला.

तिनं पाहिला असेल का.