टॉलरन्स

रावपुऱ्यातल्या वाद्यांच्या दुकानात
मी शर्टाच्या खिशातून व्हर्नियर काढला
तेव्हा काउंटरवरचा पोरगा आधी हसला,
मग जरा घाबरला.
'काका, बधी सरखी ज छे.'
सगळ्या सारख्याच असतात, हे मला
मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत एकतीस वर्षं ऐकवलं लोकांनी
आणि एकतीस वर्षं मी मोजून माल परत पाठवला.

वरच्या मजल्यावरची ऋत्वी शिकवते मला.
तिची बोटं तारांमधून अशी जातात
की शेजारच्या तारेला चाहूल लागत नाही.
माझी तर्जनी दाबायची ती तार दाबते,
शिवाय खालच्या तारेवर पोट टेकून बसते,
एसटीच्या बाकावर दोघांची जागा खाणाऱ्या
माझ्या साडूसारखी.
मग सी कॉर्डमधली ती शेवटची बारीक तार
वाजत नाही.
टक्. बस.
आठ महिने टक्.

ऋत्वी म्हणे, काका, बोट उभं धरा.
नख कापा. कोपर आत घ्या.
सगळं केलं.
कुंदा म्हणाली, मामंजींची बोटंही अशीच,
भाकरीवर ठसे उमटायचे त्यांचे.
म्हणजे दोष पिढीजात. मान्य करून टाकला.

एका रात्री झोप येईना
म्हणून तिच्या गिटारची मान मोजली,
जिथे तारा पांढऱ्या पट्टीच्या खाचांतून उतरतात.
नट म्हणतात त्या पट्टीला.
मला दोनच नट माहीत होते: एक बोल्टावरचा,
दुसरा माझा धाकटा भाऊ,
जो गणेशोत्सवात तिसऱ्या अंकात वाक्य विसरला.
दांडिया बाजारातले पागनीस मास्तर म्हणाले,
तंबोऱ्यात याला अटी म्हणतात.
आणि अटी असायच्याच, अप्पा,
बिनशर्त कुठलं वाद्य पाहिलंत?

त्रेचाळीस मिलिमीटर.

दुकानात नऊ गिटारी मोजल्या.
त्रेचाळीस. त्रेचाळीस. बेचाळीस पूर्णांक आठ.
दोन साडेचव्वेचाळीस.
पोरगा आता स्वतःच स्टूल आणून
वरच्या फळीवरची धूळ झटकत होता.
'ही कोणी घेत नाही. सगळ्यांना पातळ मान हवी.'
सेहेचाळीस.
तीन जास्त. तारा सहा, फटी पाच.
वाटून दिले तर एकेकीच्या वाट्याला
अर्ध्या मिलिमीटरहून थोडं वर.

अर्धा मिलिमीटर!
एवढ्यासाठी मी टेम्पोभर बुशिंगं
भंगारात टाकायला लावली आहेत,
नवीन लागलेल्या पोरांना संडासात जाऊन रडायला लावलं आहे.
पण तेव्हा एकदाही कोणी
शाफ्टला म्हटलं नाही
की तू कोपर आत घे.

तिथेच स्टुलावर बसून सी धरला.
वरची एक सोडून पाच तारा, एकेक, सावकाश.
बाहेर रिक्षावाले भांडत होते, उसाच्या चरकाचे घुंगरू,
आणि शेवटी ती.
फार गोड वगैरे नाही. गंजलेली होती, उतरलेली होती,
पण स्वतःच्या आवाजात बोलली.
पोरगा म्हणाला, सूर लावून देऊ?
म्हटलं, थांब जरा.

अटी आहेतच.
अंगठा आता वरून वळून पोचत नाही,
एफ धरला की मनगट कळवळतं,
आणि चौकशी न करता घेतलेली पिशवी
मानेपाशी घट्ट होते. ती मोजायची राहिली.

संध्याकाळी ऋत्वीनं वाजवून पाहिली.
तिची करंगळी त्या रुंद मानेवर
तारेच्या अलीकडेच उतरत होती, पुन्हा पुन्हा.
टक्.
'काका, मला का जमत नाहीये?'
कोपर आत घे, अगदी ओठांवर आलं होतं.
गिळलं.
तिची गिटार भिंतीला टेकून होती,
ती उचलून तिच्या हातात दिली.