सोळे सोळ

मोहितेकाका दर मंगळवारी सुरसागरच्या दक्षिण काठावरून
पाणी आणत.
हॉर्लिक्सची बाटली, सायकलच्या हँडलला सुतळीने टांगलेली,
झाकण सैल. कोंडलं तर मरतात हो, म्हणायचे.
न्यायमंदिराच्या वळणावर खड्डा होता,
तिथे उतरून चालायचे.

आम्हाला प्रॅक्टिकलला गोनियम लागे.
काचपट्टीवर थेंब, वर कव्हरस्लिप,
आणि त्या एवढ्याशा गोल उजेडात
कोलांट्या खात निघालेला हिरवा चौकोन:
मध्ये चार पेशी, कडेला बारा,
प्रत्येकीला दोन केस, तेवढ्यावर सगळा प्रवास.
आकृती काढा, नावं द्या, सही घ्या.

काका आठवीनंतर शाळेत गेलेले नाहीत.
आमच्याआधी डोळा लावून मोजत, आणि म्हणत,
"सोळे सोळ हाजर!"
घरी मराठी, पण मोजणं गुजरातीत;
रावपुऱ्यातल्या वाण्याकडे हिशेब शिकलो, म्हणत,
आता जीभ वळत नाही.

एकदा मी कव्हरस्लिप जोरात दाबली.
चौकोन फुटला.
एक पेशी बाजूला पडली, जागच्या जागी
थरथरली थोडा वेळ,
मग गेली पोहत.
काका, मोडलं.
"मोडलं कुठे? थांबा दोन दिवस."

पुढे वाचलं, ते खरं होतं.
या सोळांत थोरली कुणी नाही.
वेळ आली की प्रत्येक पेशी आपल्या आतच
सोळा होते, आणि निघते.
मागे आई म्हणावं असं काही राहत नाही.
थोडा चिकट, रिकामा आकार,
तोही पाण्यात विरतो.

कुमुदकाकू गेल्या तेव्हा
काका चार दिवस आले नाहीत.
पाचवा मंगळवार होता.
बाटली घेऊन आले, थेंब ठेवला,
बराच वेळ वाकून राहिले.
"पंधराच दिसतात."

त्यांच्यामागून मी पाहिलं.
सोळा होत्या.
मी काही बोलले नाही.
त्या दिवसाचं पान जर्नलात अजून कोरं आहे.

आता गोनियम कुरिअरने येतं, परीक्षानळीत, तारखेसह.
सुरसागरला कठडा झालाय.
बाटली माझ्या खिडकीत आहे; तिच्यावरच्या चिकटपट्टीवर
काकांच्या गुजराती आकड्यांतला सोळा
उन्हाने पिवळा पडलाय.

मॅडम, पेशी किती काढायच्या?
पुस्तक मिट, मी म्हणते,
मोज आधी.