शेरा : निरंक

एकतीस डिसेंबर. हीटर मधूनच खोकतो.
ओक्लाहोमातल्या टॅल्मन गावच्या या कचेरीत
मी एकटीच वर्ष बंद करायला बसले आहे.
तारीख, वेळ, लांबी, रुंदी, जखमी, मृत,
आणि कडेला, उरल्या जागेत कसाबसा मावलेला
शेऱ्याचा रकाना.

माझं काम टोर्नेडो गेल्यावर सुरू होतं.
मोजायचं चाक ढकलत चालायचं,
झाडं कुठल्या दिशेला झोपली ते बघायचं,
पायाला बोल्ट होते की नुसते खिळे,
छप्पर आधी गेलं की भिंत.
पडक्या घरावरून मी वाऱ्याचा वेग सांगते,
पानावरचं उष्टं बघून
जेवून गेलेल्याची भूक सांगावी तसा.

सतरा एप्रिल. डेल्बर्ट ओक्सनर
तळघराचं दार आतून धरून बसला होता.
बाहेर आला तेव्हा हातात दार होतं,
दाराला घर नव्हतं.
म्हणाला, बाई, काय हवं ते लिहा,
पण फ्रीजमधली अंडी फुटली नाहीत, हेही लिहा.
फ्रीज शेजारच्या तळ्यात आडवा पडलेला.
मी मोजली. अकरा.
बारावं त्याने सकाळी खाल्लं होतं.

मे महिन्याला दोन पानं जोडावी लागली.

लहानपणी जामनेरला
शाळेच्या पटांगणात वावटळ उठली की
आम्ही पायातली चप्पल काढून तिच्या पोटात फेकायचो.
आत भूत असतं, चप्पल लागली की पळतं.
माझी एकदा परत आलीच नाही.
तापल्या मातीवरून लंगडी घालत घरी गेले,
वर मारही खाल्ला.

तेवीस मेला, मार्गापासून चार मैल दूर,
वर्डीन टिडवेलच्या गव्हात एक बूट मिळाला.
पुरुषाचा. डावा.
नाडी बांधलेली, दुहेरी गाठ,
अजिबात घाईत नसलेल्या माणसाची.
कुणाचा, ते कुणी सांगू शकलं नाही.
वर्डीनने तो पदराने पुसावा तसा
स्वेटरच्या बाहीने पुसला आणि माझ्याकडे दिला.

दुपारी जगाची यादी येते.
इंग्लंड : एका गल्लीतली धुराडी, काचेचं एक रोपघर. मृत शून्य.
ब्राझील : शाळा. त्या दिवशी सुट्टी होती.
दक्षिण आफ्रिका : पत्रे, पत्रे, पत्रे, एक चर्च.
बांगलादेश : सुमारे चाळीस.

सुमारे.
तिथे चाक ढकलत कुणी चाललं नसावं,
किंवा चालायला वाटच उरली नसावी.
मी त्या शब्दाकडे बराच वेळ बघते.
सुमारेच्या आत कोण बसलं आहे?
एकोणचाळिसावा, ज्याला उगाच मेलेला धरला
आणि जो आता चहाच्या टपरीवर उभा आहे?
की एक्केचाळिसावी,
जिला कुणीच धरलं नाही?

आमच्या यादीत सुमारे चालत नाही.
आमचे मेलेले नीट मेलेले असतात,
नाव, वय, बाथटबमध्ये की जिन्याखाली.
याचा अभिमान वाटावा की लाज,
हे मला नऊ वर्षांत कळलेलं नाही.

वडील ग्रामसेवक होते.
सांगण्यासारखं काही नसलं की
शेऱ्याच्या रकान्यात ते ठसठशीत लिहायचे : निरंक.
इथे शून्याची कळ दाबायची, की ओळ बंद.
मी दाबत जाते. दाबत जाते.
तेवीस मेला बोट थांबतं.

बूट माझ्या कपाटावर आहे, फायलींच्या शेजारी.
सात महिन्यांत त्याची गाठ मी सोडली नाही.
सोडली तर पुन्हा तशी बांधता येणार नाही.

बाहेर झेंड्याचा दोर खांबावर टकटक करतो.
वारा ताशी नऊ मैल, उत्तरेचा.
हा नोंदवायचा नसतो.