अकरा-वीसची वेळ

एजंटचं नाव फर्गस. कोवळा पोरगा, टोकदार बूट.
दारातच त्यानं निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या दिल्या
पायांत चढवायला. जमीन नवी आहे, म्हणाला, माफ करा.
सुनेत्रा माझ्याकडे बघून हसली.
ह्याच उंबऱ्यावर आई ओरडायची, बूट बाहेर, बूट बाहेर,
गॅसचं मीटर बघायला आलेल्या माणसालासुद्धा.

"हा भाग माहीत आहे का तुम्हाला?"

मी म्हणालो, थोडाफार.

थोडाफार म्हणजे
कोपऱ्यावर आता सहा पौंडांचा पाव मिळतो
तिथं हलील बुटांना टाचा ठोकायचा,
पैसे उद्या दिले तरी चालायचं, परवा दिले तरी.
थोडाफार म्हणजे बाबांची पहिली बस डेपोतून निघाली की
पावणेपाचला ह्या खिडकीची काच थरथरायची,
आणि आई झोपेतच कूस बदलायची,
निघाले, असं म्हणून.

मला आयुष्यभर विचारत आलेत, मूळचे कुठले?
बँकेत, लग्नांत, एकदा तर भूल देणाऱ्या डॉक्टरनंसुद्धा,
मी शुद्ध हरपायच्या बेतात असताना.
लेटनचा.
हो, पण मूळचे?
मूळचाच लेटनचा.
ह्या उत्तरापायी दोनदा मार खाल्लाय,
एकदा रेल्वेच्या पुलाखाली, एकदा शाळेच्या मुतारीत.
उत्तर बदललं नाही.

पावणेनऊ लाख पौंड.

मी इथून तीन गल्ल्यांवर विज्ञान शिकवतो.
सुनेत्रा सुईण आहे, ह्या भागातली कितीतरी पोरं
पहिल्यांदा तिच्या तळहातांवर रडली.
दोघांचे पगार एकावर एक ठेवले,
तिच्या नवऱ्याचाही धरला,
तरी बँकेचं गणित जिन्याच्या चौथ्या पायरीवर धापा टाकतं.
मी हार्लोला राहतो, ती बॅसिल्डनला.
ती म्हणते, माझं माहेर बारा तासांचं,
शिफ्ट संपली की पाठवणी.

ब्याऐंशी साली मालकानं, थिओडोरूनं, स्वतःच विचारलं होतं,
घेतोस का? बावीस हजार. हप्त्यानं दे.
बाबा ह्याच बैठकीत, चहाची बशी मांडीवर,
म्हणाले, छे हो, आम्हाला परत जायचंय.
नंतरही तेरा वर्षं वहीत भाडं लिहीत राहिले,
निळ्या शाईत, प्रत्येक शुक्रवारी.
परत काही गेले नाहीत.
मॅनर पार्कला त्यांना दिलं तेव्हा
खिशात डेपोच्या कपाटाची किल्ली होती.
रागवावं तर कुणावर?

वर आमच्या खोलीत आता फक्त बाथटब आहे,
मधोमध, चार पायांवर उभा, जनावरासारखा.
सुनेत्रा जिथं झोपायची तिथं नळ.
ती काही बोलली नाही. नळाला हात लावून बघितला.

मागचं दार मात्र तेच.
"हे मूळचं आहे बरं," फर्गस अभिमानानं म्हणाला,
"मुद्दाम जपलंय. मूळच्या गोष्टींना हल्ली फार किंमत येते."
आणि उघडायला गेला तर उघडेना.
खांदा लावला, गुडघा लावला, कानशिलं लाल झाली,
लाकूड फुगलंय, म्हणाला, करून देऊ.

माझा हात आपसूक पुढं गेला.
मूठ जराशी वर, खालच्या डाव्या कोपऱ्यात टाच,
हलकी, मांजर हाकलावी इतकीच.
अंगण. भिंत. शेजारचं तेच वाकडं अंजिराचं झाड.

फर्गस बघत राहिला. "आधी येऊन गेलात का तुम्ही?"
सुनेत्रा म्हणाली, "हो, एकदा."

बाहेर अकरा-चाळीसवाले थांबले होते,
बाळ, ढकलगाडी, मोजायची टेप.
आम्ही पायांतल्या पिशव्या काढल्या.
आत फर्गस त्या दाराशी झटत होता, आता ते लागेना.
लावायची वेगळी तऱ्हा आहे. मी वळलो सांगायला.
सुनेत्रानं बाही धरली.
राहू दे, म्हणाली,
एवढं तरी.