दोनच प्रती येतात

गुरुवारी पुण्याच्या गाडीतून गठ्ठा येतो.
सांगली स्टँडबाहेर, रसवंतीच्या आडोशाला,
बंडा कोष्टी दातानं सुतळी सोडतो
आणि मी मिरजेहून नाइट करून आलेली,
बोटांना अजून स्पिरिटचा वास.

'उल्कापुरुष', अंक एकशे बारा.
मुखपृष्ठ झकास. तो पाठमोरा, झगा फाटलेला,
खाली जळतं शहर, आणि त्यात चक्क एक धुण्याची दोरी,
दोरीवर लहान पोराची चड्डी.
ज्यानं ही दोरी काढली त्याला माझा दंडवत.
आत मात्र सगळी घाई.
शाई भरलीय दुसऱ्याच कुणीतरी,
चौकट बदलली की नाक बदलतं,
आणि चौथ्या पानावर रक्त निळं.
अहो, मी रोज दोनशे माणसांचं रक्त बघते.
निळं तर निळं, परग्रहावरचा आहे तो, चालतंय की.
पण एकशे तीनमध्ये ते हिरवं होतं!
एवढं तरी सांभाळा.

'कर्नल चुंबक' वीस रुपयांनी महाग, आठ पानांनी बारीक.
खलनायक तिसऱ्यांदा मेलेला,
तिसऱ्यांदा उठून म्हणतो, मी परत आलोय.
बरं बाबा. बस. चहा घे.

आणि 'निशाघार', जिच्यासाठी मी झोप मोडते.
चाळिसाव्या अंकात ती मनोऱ्यावरून पडली होती,
शेवटच्या चौकटीत नुसता एक हातमोजा.
एक्केचाळिसाव्यात ती जिवंत आहे
आणि बावीस पानं एकही ठोसा मारत नाही.
मोडका हात गळ्यात बांधून पाण्याच्या टाकीवर बसते,
शहर ऐकते,
कुणाच्या हाकेला आधी जायचं ते ठरवते.
सतराव्या पानावर शब्द नाहीत. फक्त तिचा कान, पानभर.
पहाटे तीनला लॅबमध्ये सगळ्याच चिठ्ठ्यांवर
'अर्जंट' लिहिलेलं असतं,
तेव्हा माझाही असाच होत असणार.

सांगलीत 'निशाघार'च्या दोनच प्रती येतात.
एक माझी.
दुसरी कुणाची, विचारलं होतं एकदा.
असतात एकजण, बंडा म्हणाला,
पोपटी स्वेटर, मे महिन्यातसुद्धा.
बोलत नाहीत. सुट्टे मोजून देतात.

मागे एकदा अदलाबदल झाली, त्यांची प्रत माझ्याकडे आली.
समासात पेन्सिलीनं बारीक अक्षर:
'सावली चुकली. दिवा डावीकडे आहे.'
मी पान मागं घेतलं. दिवा डावीकडेच होता.
सहा वर्षं वाचतेय, मला कधी दिसलं नव्हतं.
खाली लिहिलं, 'बरोबर',
आणि अंक परत दिला.
आमची ओळख एवढीच.

आज गठ्ठ्याखाली मागचा चाळीस तसाच पडून.
न्यायला आले नाहीत?
नाही ना. महिना झाला.

म्हणजे ती पडली हेच त्यांना माहीत नाही.
ती वाचली हेही.

रात्री मी नळ्यांवरची नावं वाचते,
वय, वॉर्ड, खाट नंबर.
पोपटी स्वेटर असं कुठल्या नळीवर लिहिलेलं नसतं.

माझ्या प्रतीत सतरावं पान दुहेरी छापलंय,
कानाला दुसरा कान चिकटलेला.
त्यांची प्रत स्वच्छ.
बदलून घ्या की, बंडा म्हणाला,
तसंही कोण येतंय.
राहू दे, म्हटलं.

त्यानं दोन्ही अंक एकावर एक ठेवले,
वारं नको म्हणून वर विटेचा तुकडा.
एक्केचाळीस वर, चाळीस खाली.
मी वीट उचलली, क्रम बदलला.
आधी पडणं.
मग पाण्याची टाकी.