फांदी मोडली

कौनासच्या दवाखान्यात, टेकडीवर,
वजनकाट्याशी मी बसते.
जानेवारीत नव्वद माणसं आली, बर्फ झटकत.
मी म्हटलं, कोट काढा, बूट काढा,
खिशातल्या किल्ल्या इथे, वाटीत.
ब्रोन्यस म्हणाला, मोजेसुद्धा?
मोजेसुद्धा.
लोकांना मी खाष्ट वाटते.
पण हिवाळी बूट दोन किलोंचे असतात,
आणि जूनमध्ये चपलांवर आलेला माणूस
न झिजता दोन किलोंनी झिजतो.

हिरव्या बाटल्या, दिसायला एकसारख्या.
काहींत दलदलीकाठच्या झुडपाची पानं, वाळवून कुटलेली.
काहींत जवाचं पीठ, रंगवलेलं.
कुणाच्या वाट्याला काय, मलाही ठाऊक नव्हतं.
ठाऊक असलं की काटा वाचणारा डोळा
जरा दयाळू होतो.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ.
म्हणून निम्म्या फांद्यांवर कावळा,
निम्म्यांवर कावळ्याची नुसती सावली,
आणि सहा महिने आपण झाडाखाली, वही घेऊन.

गेनोवैते, रेल्वेच्या कॅन्टीनमधून निवृत्त,
दर गुरुवारी चढ चढून यायची;
बस खालच्या कोपऱ्यावरच वळते.
"बटाट्याचे गोळे सोडले नाहीत, वरची साय सोडली नाही,
तरी बघ!"
पट्ट्याला नवं भोक, खिळ्याने पाडलेलं.
पाच किलो चारशे.
तिने बहिणीला सांगितलं, बहिणीने चर्चमध्ये,
औषधांच्या दुकानातली पानं संपली.

ब्रोन्यस दीड किलो वाढला
आणि माझ्याकडे असा बघायचा, जणू त्याचं जेवण
मीच त्याच्या पोटात घातलं.
सतरा जण मधेच यायचे थांबले.
लागू पडलं नाही हे सांगायला
कोण एवढा चढ चढेल?

जूनअखेर पाकिटं फोडली.
पानंवाले सरासरी एक किलो तीनशेने उतरले.
पीठवाले, एक किलो शंभरने.
मधले दोनशे ग्रॅम.
मी वाटीतल्या किल्ल्या तोलून पाहिल्या.
जवळपास तेवढ्याच.

कंपनीने डब्यावर छापलं:
घेणाऱ्यांचं वजन उतरलं.
एक अक्षर खोटं नाही.
तोंडाला पानं पुसायला
खोटं बोलावंच लागतं असं नाही.

गेनोवैतेला मीच सांगितलं. पीठ होतं, जवाचं.
ती काट्यावर उभीच राहिली, आकडा स्थिर होऊन गेला तरी.
"मग माझे पाच किलो गेले कुठे?"
टेकडी, मी म्हटलं. दर गुरुवारची.
किंवा काहीच नाही; कधी फांदी आपली आपण मोडते.
"टेकडी!" ती हसली. "टेकडी कोण विकत घेईल?"

किल्ल्या उचलल्या, पट्टा आवळला,
आणि दारातून वळून विचारलं,
उरलेली बाटली नेऊ का.

दिली.
वहीत त्याला रकाना नाही.