डाव्या बाजूचा ब्रेक

दस्तगीर गाडीखालून सरकत बाहेर येतो,
चिंधीला हात पुसत राहतो, लगेच बोलत नाही.
उद्यमनगरात दुपारी लेथचा आवाज असा
की वाईट बातमीही ओरडून सांगावी लागते.
"हेड गॅस्केट जायला लागलंय, वैनी!
क्लच प्लेट संपली! रेडिएटर म्हंजे नुसती चाळण!"
बिलबुकाच्या पाठीवर आकडे मांडतो,
एक खोडतो, माझ्याकडं बघतो
आणि शेवटचं शून्य जरा बारीक काढतो.
छत्तीस हजार.

नेसरीचा हळदणकर चौतीस देतो म्हणाला होता.
म्हणजे औषध रोग्यापेक्षा महाग.
"विकून मोकळी हो," हे म्हणाले, स्टुलावरनंच.
गूळ मार्केटात सारी उमर हिशेब लिहिला यांनी,
ढेप नुसती उचलून वजन सांगायचे.
यांच्या बेरजेत मी कधी चूक काढलेली नाही.

पण गाडी माझी.
दूध संघाच्या लॅबमध्ये फॅट मोजून,
भिशीचे सतरा हप्ते भरून घेतलेली झेन,
घेतली तेव्हाच दुसऱ्याची वापरलेली.
एक्केचाळिसाव्या वर्षी शेंडा पार्कच्या माळावर शिकले.
पहिल्याच दिवशी म्हशींच्या मधोमध बंद पडली.
म्हशी वळसा घालून गेल्या,
एकीनंही शहाणपण शिकवलं नाही.
म्हणून शिकले.

यांनी स्टिअरिंगला कधी हात लावला नाही.
"एका घरात एक ड्रायव्हर बास."
डावीकडं बसायचे, मांडीवर पिशवी,
नजर रस्त्यावर, जशी तागडीच्या काट्यावर.

काल हळदणकरानं बॉनेटवर टिचकी मारली,
टायरला लाथ मारली, डिकीत वाकून वास घेतला.
"गूळ वाहत होता काय, काकू?"
मग डावीकडचं मॅट उचललं.
गालिचा झिजून झिजून सूत राहिलेलं,
त्याखाली पत्रा तांबडा, आणि मधोमध
रुपयाएवढं भोक. त्यातून आमचं अंगण दिसत होतं,
एक मुंगळा चालला होता.
"हितं ब्रेक होता व्हय? ड्रायव्हिंग स्कूलची गाडी ही!
मग दोन हजार कमी करा."

मी बघत राहिले.
बावीस वर्षं.
आंबा घाटात, कावळा नाक्यावर,
ट्रॅक्टरच्या मागं, ऊस सांडलेल्या रस्त्यावर,
जिथं जिथं मी ब्रेक मारला नाही
तिथं तिथं कुणीतरी मारत होतं.
"पाणी साचून गंजलं असंल," हे म्हणाले
आणि शेजाऱ्यांच्या गेटकडं बघायला लागले.
पाणी साचतंच त्या बाजूला, खोटं नाही.
पण पाणी एका अंगठ्याएवढ्या जागेत
इतकं नेमकं उभं राहत नाही.

"आणि ह्या भोकाचं काय, दस्तगीर?"
"ते काय, पत्र्याचा तुकडा मारू. चारशे."
चारशे. बाकीचं अजून ठरलेलं नाही.
"घरापर्यंत जाईल. फक्त काट्यावर लक्ष ठेवा."

हे बसले. पाय आखडून, भोकाच्या कडेला,
एखाद्याच्या पानाला पाय लागू नये तसे.
सायबर चौकात केएमटीची बस अंगावर आली.
मी ब्रेक दाबला.
यांचा पाय उठला, आणि खाली टेकायला जागाच नाही,
तसाच हवेत राहिला, चप्पल लोंबत.
बस गेली. मागचा रिक्षावाला
माझ्या सात पिढ्यांची चौकशी करून गेला.
बराच वेळानं हे म्हणाले,
"त्याला सांग, जाड पत्रा मार म्हणावं."

काटा तांबड्याकडं सरकत होता.
अशा वेळी हीटर लावायचा असतो,
इंजिनाची आग आत ओढून घ्यायची.
मी लावला.
एप्रिलचं ऊन, त्यात हीटर,
चारी काचा खाली, आम्ही दोघं घामानं निथळत,
तिसऱ्या गिअरात.